सात बेटांचं बंदर आणि आपला हिशोब

गटाच्या बैठकीला बसलेल्या, चुलीपाशी रेडिओ ठेवून भाकरी थापणाऱ्या, खुरपं घेऊन रानाला निघालेल्या सगळ्या बायांना माझा राम राम.

आज आपण मुंबईची गोष्ट ऐकणार आहोत. तुम्ही म्हणाल, मुंबई काय आम्हाला नवी आहे का? कुणाचा पोरगा तिथं गाडी चालवतो, कुणाची बहीण तिकडं नांदते. कुणी घरातल्या माणसाला घेऊन टाटा हॉस्पिटलाच्या दारात रात्री काढल्यात. आणि आपल्या गटातल्या कितीतरी जणी चटणी, पापड, गोधड्या घेऊन महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनाला जाऊन आल्यात. बीडहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई. पण हे गाव वसलं कसं, कुणी वसवलं आणि त्याचा स्वभाव काय, हे आपण कधी निवांत बसून बोललो नाही. ज्या बाजारात माल न्यायचा, त्या बाजाराचा स्वभाव आपल्याला ठाऊक पाहिजे. म्हणून ही गोष्ट.

आपली गावं वसली नदीकाठी, ओढ्याकाठी, काळ्या रानाच्या कडेला. मुंबई वसली समुद्रात. एकेकाळी तिथं सलग जमीन नव्हती, सात बेटं होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. भरती आली की मधल्या सखल भागात पाणी शिरायचं, ओहोटीला चिखल उरायचा. या बेटांवर कोळी राहत होते. मासे धरायचे, जाळी विणायची, नारळ-भात पिकवायचा. त्यांची देवी मुंबादेवी, तिच्यावरून गावाला मुंबई नाव पडलं. पुढं इंग्रजांचा किल्ला वाढला तेव्हा देवीचं जुनं देऊळही जागेवर राहिलं नाही, ते हलवावं लागलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. या शहरात पहिल्यापासून असंच आहे, जो आधीचा असतो त्याला जरा सरकून जागा द्यावी लागते.

आता तुम्हाला वाटेल, समुद्राचा आणि आपला काय संबंध? आपल्याकडं तर प्यायच्या पाण्याची मारामार. पण संबंध फार जुना आहे. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, आपल्या गोरोबाकाकांचं तेर, दोन हजार वर्षांपूर्वी मोठी बाजारपेठ होतं. तेव्हाच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात तेरचं नाव तगर असं येतं. तिथून जाडंभरडं आणि तलमही कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं, असं तो सांगतो. पलीकडं युरोपात, भूमध्य समुद्राच्या काठावर, इटलीत पाँपेई नावाचं शहर होतं. ज्वालामुखीच्या राखेत ते गाडलं गेलं. तिथं १९३८ साली खोदताना एक हस्तिदंताची छोटी मूर्ती सापडली. अंगभर दागिने घातलेली आपल्याकडची बाई. तशाच घडणीच्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. म्हणजे आपल्या मुलखातल्या हातांचं काम बंदरातून पार तिथवर पोचत होतं. मुंबईचं नावही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मुंबई मोठी कशी झाली? १५३४ साली गुजरातच्या सुलतानानं ही बेटं पोर्तुगिजांना दिली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं आणि मुंबई आंदणात गेली. एका पोरीच्या लग्नात सबंध गाव आंदण! हुंड्याची रीत किती थोरामोठ्यांच्या घरची आहे बघा. इंग्लंडच्या राजाला या बेटांचं फारसं मोल वाटलं नाही. १६६८ साली त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली.

कंपनीनं मात्र नेमकं हेरलं. बेटांच्या पूर्वेला, जमिनीच्या आडोशाला खोल पाणी आहे. तिथं पावसाळ्यातही जहाज सुरक्षित उभं राहतं. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे, तिथलं व्हॅलेटा बंदर याच कारणानं मोठं झालं. त्या खडकाळ बेटावर माणसांना पुरेल एवढं धान्य पिकत नव्हतं, ते शेजारच्या सिसिली बेटावरून यायचं. तरी तिथं शहर उभं राहिलं, कारण जहाजाला आसरा होता. बेटावरच्या बंदराचं हेच लक्षण आहे. ते स्वतः पिकवत नाही. दुसऱ्यानं पिकवलेलं त्याच्या दारातून जातं आणि त्या येण्याजाण्यावर ते जगतं. मुंबईला ओळखायचं असेल तर एवढं एक वाक्य पुरे.

बंदराला माणसं लागतात. म्हणून कंपनीनं सगळ्यांना बोलावलं. पारशी आले, गुजराती व्यापारी आले, बोहरा, खोजा, ज्यू, आर्मेनियन आले. तुझा धर्म तुझ्याजवळ, धंदा कर आणि जकात भर, असा कारभार होता. मुंबईत शेजारी शेजारी देऊळ, मशीद, अग्यारी, चर्च दिसतं ते त्यामुळं. त्यात मोठ्या मनाचा भाग असेल, पण त्याहून जास्त व्यवहार होता.

आणि मग बेटं जोडायचं काम निघालं. वरळी आणि महालक्ष्मीच्या मध्ये मोठी खिंड होती, तिथून भरतीचं पाणी आत शिरायचं. ती बांध घालून बुजवली, ते काम १७८४च्या सुमाराला पुरं झालं. लोक असं सांगतात की बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. तेव्हा काम बघणाऱ्या प्रभू गृहस्थाच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, मी पाण्यात आहे, मला वर काढ. मूर्ती काढल्या, बांध टिकला, आणि टेकडीवर महालक्ष्मीचं देऊळ झालं. ही झाली आख्यायिका. आता खरी गोष्ट सांगते. टेकड्या फोडून, दगड-माती वाहून ही जमीन तयार केली ती मजुरांनी. त्यात निजामाच्या मुलखातून गेलेले तेलुगू बोलणारे कामाठी होते. त्यांच्या वस्तीवरून कामाठीपुरा नाव पडलं. आपलं बीडही १९४८ पर्यंत त्याच निजामाच्या राज्यात होतं. आज त्या वस्तीचं नाव लोक वेगळ्याच कारणानं घेतात. पण ज्यांनी समुद्र बुजवला, त्यांचं ते नाव आहे.

यात एका बाईचंही नाव घेतलं पाहिजे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, होड्या उलटून माणसं बुडायची. सरकार पैसे सोडायला तयार नव्हतं. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि १८४५ साली तिथून रस्ता झाला. अट एकच, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही. माहीमच्या त्या रस्त्यावरून आजही गाड्या धावतात.

आता येतो आपला कापूस.

रेल्वे नव्हती तेव्हा आपल्या भागातला माल बैलांच्या पाठीवर गोण्या लादून बंदराकडं जायचा. बंजारा आणि वंजारी समाजाच्या कितीतरी घरांचा हाच धंदा होता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, दहा वर्षांत ती बोरघाट चढली. तांड्यांचा धंदा हळूहळू बसला. १८६१ साली तिकडं अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून त्यांनी आपल्याकडचा उचलायला सुरुवात केली. भाव असा चढला की गाद्या उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी लोक सांगतात. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरवर माणसं वेडी झाली. १८६५ साली युद्ध थांबलं आणि भाव एकदम कोसळला. बँका बुडाल्या, मोठमोठे शेठ रस्त्यावर आले.

पण मैत्रिणींनो, मुंबई सावरली. चार वर्षांत, १८६९ साली, सुवेझचा कालवा खुला झाला. भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडला गेला. आफ्रिकेला वळसा घालून येणारी जहाजं सरळ येऊ लागली. बंदराचा कारभार बघायला १८७३ साली पोर्ट ट्रस्ट झाला. १८७५ साली ससून डॉक, १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक उघडली. शहर पुन्हा उभं राहिलं.

शेतकरी मात्र लवकर सावरला नाही. चढ्या भावाच्या भरवशावर काढलेलं कर्ज तसंच राहिलं. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत, म्हणजे आपल्या आष्टीच्या शिवेपलीकडं श्रीगोंदा-पारनेरच्या बाजूला, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. बाकी कशाहीपेक्षा त्यांचा राग कागदावर होता. त्या दंग्यामागं वाढलेला सारा होता, व्याज होतं आणि कापसाचा पडलेला भावही होता. भाव चढला तेव्हा नफा गोदामवाल्यानं आणि दलालानं खाल्ला. भाव पडला तेव्हा तोटा बांधावर आला. आजही कापूस मोंढ्यावर नेताना आपल्याला हे नवं नाही. माल कुणाचा यापेक्षा काटा कुणाच्या हातात आणि वही कुणाच्या हातात, यावर सगळं ठरतं.

बंदरात माल येतो तसा रोगही येतो. १८९६ साली डॉकजवळच्या मांडवी भागात प्लेग निघाला. तिथं धान्याची गोदामं, त्यात उंदीर, आणि दाटीवाटीनं राहणारी हमाल माणसं. तिथून तो पुण्याला गेला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी आपल्या सावित्रीबाई गेल्या. बंदराची ही किंमत मुंबईबाहेरच्या माणसांनीही मोजली आहे.

आता गिरण्यांकडं वळू. पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. मग परळ, लालबाग माणसांनी भरलं. बहुतेक माणसं कोकणातली आणि घाटावरची. गिरणीत लावून देणारा असायचा जॉबर. तोच भरती करणार, तोच रजा देणार, अडीनडीला उसनेही देणार आणि मग मानगुटीवर बसणार. उसतोडीला जाणाऱ्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मुकादम आणि उचल हे शब्द आपले आहेत, गोष्ट तीच आहे. गिरणीत बायाही होत्या, सूत गुंडाळायच्या खात्यात. त्यांच्यावरच्या बाईला नायकीण म्हणायचे. १९२०च्या दशकात पाच कामगारांत साधारण एक बाई होती. पुढं नवी यंत्रं आली आणि बाईचं काम आधी गेलं. यंत्र आलं की पहिल्यांदा कुणाचा हात रिकामा होतो, हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

पण गिरणगावातली एक गोष्ट अशी आहे की ती प्रत्येक बचत गटानं ऐकावी. गावाकडं बायकापोरं ठेवून आलेले गडी एका खोलीत दाटीनं राहायचे. त्यांना जेवू घालायच्या खानावळवाल्या बाया. आपल्याच घरात पंधरा-वीस माणसांचा डबा, पहाटेपासून रात्रीपर्यंत चूल. पैसे महिन्याच्या शेवटी. तोवर किराणा उधारीवर आणि व्याजावर. घरादाराचं पोट या कामावर चालायचं, पण त्याला कुणी धंदा म्हणत नव्हतं. बाई काय, स्वयंपाक करते! १९७४ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. गड्यांकडं पैसे नव्हते, तरी या बायांनी त्यांना उपाशी ठेवलं नाही. स्वतःच्या अंगावर कर्ज घेतलं. म्हणजे संप चालला तो या चुलींवर. गोवा मुक्तीच्या लढ्यात काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बाया गटानं एकत्र आल्या, एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवलं. सावकाराचं व्याज सुटलं. तेव्हा बचत गट हा शब्द आपल्याकडं पोचलाही नव्हता.

त्याआधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावात सात बाया एका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसनं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. तिथं लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण असते. आणि या दोन्हींच्या आधीपासून कोळणी आहेतच. दर्यावर जाणार गडी, पण मासा किनाऱ्याला लागला की सौदा बाईचा. पहाटे ससून डॉकवर लिलावात बोली लावणारी, पाटी डोक्यावर घेऊन जाणारी आणि पैशाचा बटवा स्वतःच्या कमरेला ठेवणारी.

कोळणी, खानावळवाल्या, पापडवाल्या. या तिघींत सारखं काय आहे? कष्ट तर सगळ्याच बाया करतात. या तिघींनी भाव, वही आणि पैसा आपल्या हातात ठेवला. मुंबईनं त्यांना त्यामुळं विचारलं.

मुंबई सगळ्यांना तारते असं मी म्हणणार नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्यातल्या बहुतेकांच्या हाताला काही लागलं नाही. एकेक गिरणी बंद झाली आणि तिथं टोलेजंग इमारती, मॉल उभे राहिले. ज्या बाया घरात होत्या त्या धुणीभांडी, शिवण, डबे करून घर चालवायला बाहेर पडल्या. बंदरही सरकलं. १९८९ साली खाडीपलीकडं न्हावाशेवाला नवं बंदर सुरू झालं आणि मोठी जहाजं तिकडं गेली. जुन्या डॉकमधल्या हमालाचं काम आटलं. १९७२च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातून कितीतरी माणसं मुंबईला गेली, झोपडपट्टीत राहिली, बिगाऱ्याचं काम करून त्यांनी इमारती बांधल्या. इमारत पुरी झाली की त्यांची झोपडी दुसरीकडं हलली. मुंबादेवीच्या देवळासारखंच.

आणि पाणी. बेटावर गोडं पाणी पुरेसं नाही. तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी मुंबईला नळानं जातं. ही धरणं ज्या शहापूरच्या भागात आहेत, तिथल्या आदिवासी पाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन फिरतात, टँकरची वाट बघतात. धरण दारात आणि घसा कोरडा. हे दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून मैत्रिणींनो, मुंबईला दबकून जाऊ नका. ते शहर कुणा एकाचं नाही. मूळचे कोळी सोडले तर तिथं सगळेच बाहेरून आलेत, आणि त्याच्या पायाखालची जमीनसुद्धा माणसांनी डोक्यावरून वाहून आणलेली आहे. पण भोळेपणानंही जाऊ नका. ते बंदर आहे. तुमचा माल कौतुकानं बघेल, चव घेईल, आणि हिशोब तुम्ही ठेवला नाही तर तो दुसरा कुणीतरी ठेवेल.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. तुमचा गट जो माल करतो, त्यातला एक नग घ्या. ज्वारीच्या पापडाचं पाकीट घ्या, शेंगदाण्याची चटणी घ्या. त्याला लागलेला कच्चा माल, सरपण किंवा गॅस, पिशवी, गाडीभाडं लिहा. आणि शेवटी एक ओळ लिहा जी आपण नेहमी सोडून देतो, आपली मजुरी. किती जणींचे किती तास. ती ओळ भरल्याशिवाय भाव ठरवू नका. मग कुणी दलाल दारात आला किंवा तुम्ही मुंबईच्या स्टॉलवर उभ्या राहिलात, तर कितीला परवडतं हे तुम्हाला ठाऊक असेल. घासाघीस करणाऱ्याला हसून सांगता येईल, "ताई, यात आमच्या हाताची मजुरी धरलेली आहे."

ती वही कपाटात ठेवू नका. मुंबईला जाताना पिशवीत सोबत न्या. आणि येताना तिथला समुद्र जरूर बघून या. उभं राहाल तिथं पायाखाली कदाचित बुजवलेली खाडी असेल.

राम राम.